पोटाचे स्नायू, तेलाचा डबा आणि हळदीचा फोटो

प्रश्न : माझे वय २८ वर्षे, उंची १७० सेंमी आणि वजन ७२ किलो आहे. पुण्यात आयटी कंपनीत बैठे काम करतो. दहा आठवड्यांनी माझे लग्न आहे आणि हळदीच्या दिवशी उघड्या अंगाने फोटो काढायचे, असे मित्रांनी ठरवले आहे. तोवर सिक्स पॅक दिसावेत अशी माझी इच्छा आहे. गेले पाच महिने रोज ३०० क्रंचेस करतो. पोट आतून घट्ट लागते, पण बाहेरून काहीच दिसत नाही. बेंबीच्या रेषेत घेर ९२ सेंमी भरतो. जिममधल्या यंत्राने शरीरातील चरबी १९ टक्के दाखवली. आहार साधा, घरचा : सकाळी पोहे किंवा उपमा, दोन्ही वेळा पोळी-भाजी आणि वरण-भात, दिवसाला चार चहा. अंडी मला चालतात, पण घरात शिजत नाहीत. सोमवारी उपवास असतो. ट्रेनर फॅट बर्नरच्या गोळ्या आणि पोटाला बांधायचा घामाचा पट्टा घ्यायला सांगतो. माझी २४ वर्षांची बहीणही माझ्याबरोबर हेच सुरू करणार म्हणते. काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सस्नेह नमस्कार आणि लग्नासाठी शुभेच्छा.

आधी तारखेचे बोलून घेऊ, म्हणजे पुढचे शांतपणे वाचता येईल. दहा आठवड्यांत तुमच्या पोटावर सहा चौकोन उमटणार नाहीत. या अवधीत चारेक किलो वजन उतरेल, घेर तितक्याच सेंटीमीटरने कमी होईल आणि चेहरा व खांदे निश्चितच रेखीव दिसतील. मात्र तुमच्या मनात जे चित्र आहे, त्यासाठी नीट वागल्यास सुमारे सहा महिने लागतील. हा आकडा कसा येतो ते पुढे मांडतो.

तुम्ही ज्याला सिक्स पॅक म्हणता तो प्रत्यक्षात बरगड्यांच्या खालच्या भागापासून ओटीपोटाच्या खालच्या टोकाच्या हाडापर्यंत उभा पसरलेला, मधोमध एका पांढऱ्या तंतुमय रेषेने विभागलेला स्नायू आहे, आणि त्यावरून बहुधा तीन आडवे तंतुमय पट्टे जात असल्यामुळे तो तुकड्यातुकड्यांचा दिसतो. हे पट्टे किती असावेत, समोरासमोर असावेत की वरखाली सरकलेले, हे जन्मतःच ठरलेले असते. त्यामुळे कुणाचे चारच चौकोन दिसतात, कुणाचे आठ, आणि कुणाची डावी-उजवी बाजू आयुष्यभर जुळत नाही. कोणत्याही व्यायामाने त्यात बदल होत नाही. तुमचा हा स्नायू पाच महिन्यांच्या क्रंचेसनंतर चांगला मजबूत झाला असणार, कारण पोट आतून घट्ट लागते हे तुमचे निरीक्षण बरोबरच आहे. अडचण एवढीच की त्याच्यावर चरबीचा थर आहे आणि त्या थराला खालचा स्नायू किती राबतो याचे काहीच सोयरसुतक नसते.

चरबी वापरली जाते ती रक्तातून. शरीराला ऊर्जा कमी पडली की संप्रेरकांच्या इशाऱ्यावर सर्व अंगातील चरबीच्या पेशींतून मेदाम्ले रक्तात उतरतात आणि जिथे गरज असेल तिथे जळतात. ती जवळच्याच पेशीतून यावीत असा नियम नाही. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १३ पुरुषांकडून २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ सिट-अप्स करून घेतले होते. आधी आणि नंतर पोट, पाठ व नितंब येथील चरबीच्या पेशी सुईने काढून मोजल्या, तेव्हा पेशी तिन्ही ठिकाणी सारख्याच प्रमाणात लहान झालेल्या आढळल्या. ज्या पोटाने एवढे कष्ट उपसले, त्याला वेगळा वाटा मिळाला नाही. शिवाय ३०० क्रंचेसना खर्च होणारी ऊर्जा तुमच्या वजनाच्या माणसासाठी फार तर ५०-६० कॅलरी असेल, म्हणजे भाजीच्या तवंगातले जेमतेम दीड लहान चमचा तेल.

आता सहा महिन्यांचा हिशेब. यंत्राने दाखवलेल्या १९ टक्क्यांवर माझा विश्वास नाही. ही यंत्रे पायातून किंवा हातातून सौम्य वीजप्रवाह सोडून चरबीचा अंदाज बांधतात आणि तुम्ही पाणी किती प्यालात, व्यायाम कधी केलात यावर तो अंदाज हलतो. १७० सेंमी उंचीला ९२ सेंमी घेर पाहता मी तुमची चरबी २५ टक्क्यांच्या आसपास धरतो, म्हणजे ७२ किलोंत १८ किलो चरबी आणि ५४ किलो बाकीचे शरीर. पुरुषांच्या पोटाचे स्नायू स्पष्ट दिसू लागतात ते साधारण १० ते १२ टक्क्यांवर. बाकीचे ५४ किलो जसेच्या तसे राखले, तर १२ टक्क्यांसाठी तुमचे वजन ६१ किलोंच्या थोडे वर यावे लागेल, म्हणजे साडेदहा किलो चरबी जायला हवी. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. रोज ४५० कॅलरींची तूट, म्हणजे खर्चापेक्षा तेवढे कमी खाणे, सांभाळली, तर साडेदहा किलोंना १८० दिवस लागतात. तूट दुप्पट करून दिवस निम्मे करता येतील असे कागदावर वाटते, पण तसे केले की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडायला लागते. आणि तुमच्या बाबतीत नेमकी तीच गोष्ट परवडणारी नाही.

ती का परवडणारी नाही, याचे उत्तर तुमच्याच शहरातील संशोधनात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराची ‘बारीक पण चरबीयुक्त’ ठेवण जगापुढे मांडली. २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३, मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. उंचीच्या मानाने वजन बेताचे, हातपाय काटकुळे, स्नायू कमी आणि पोट मात्र पुढे, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे. अशा माणसाने केवळ उपाशी राहून वजन ६१ किलोंवर आणले, तर चौकोन दिसण्याऐवजी तो नुसता सुकलेला दिसतो आणि घरचे विचारू लागतात, बरे नाही का म्हणून. म्हणून तुमचे काम दुहेरी आहे : चरबी उतरवायची आणि त्याच वेळी स्नायू टिकवायचे, जमल्यास किलो-दोन किलो वाढवायचे. त्या वाढीमुळे ध्येयाचे वजनही ६३ किलोंच्या आसपास सरकते आणि शरीर भरलेले दिसते.

भारतीय पुरुषांसाठी कमरेच्या घेराची सुरक्षित मर्यादा ९० सेंमी मानली जाते. तुम्ही तिच्या किंचित बाहेर आहात. आतड्यांभोवतीची चरबी, जी मधुमेहाच्या आणि हृदयविकाराच्या दृष्टीने घातक असते, ती तूट सुरू झाल्यावर लवकर हलते. बेंबीखालची, चिमटीत येणारी चरबी पुरुषांमध्ये बहुधा सर्वांत शेवटी जाते. त्यामुळे पहिले दोन-तीन महिने पँट सैल होईल आणि आरशात पोट मात्र तसेच वाटेल. या टप्प्यावर बहुतेक जण कंटाळून सोडतात. तुम्ही आधीच सावध असावे म्हणून हे लिहितो.

आता स्वयंपाकघरात येऊ. ‘साधा, घरचा आहार’ हे शब्द मी इतक्या पत्रांत वाचले आहेत की ते दिसले की मी थेट तेलाच्या डब्याकडे वळतो. तुमच्या घरी माणसे किती आणि महिन्याला तेल किती लागते, हे आईंना विचारा. समजा चार माणसांत पाच लिटरचा डबा महिनाभर पुरतो. म्हणजे माणशी दिवसाला ४० मिलिलिटरांहून थोडे जास्त, आणि ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर सुमारे ३४० कॅलरी झाल्या, ज्या ताटात कुठेच वेगळ्या दिसत नाहीत. त्यात पोळीला लावलेले तूप आणि भाजीतले दाण्याचे कूट मिळवा. चार चहांत दोन-दोन चमचे साखर असेल, तर तिच्या १६० कॅलरी आणखी वेगळ्या. मी तुम्हाला फोडणी सोडायला सांगत नाही. डबा सहा आठवडे पुरवायचा, बाटलीतून ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घालायचे आणि चहा दोनच कप, अर्ध्या साखरेचा. एवढ्याने दिवसाची निम्मी तूट कुणाला उपाशी न ठेवता साधते. घरच्यांचेही त्यात भलेच आहे.

उरलेली निम्मी तूट भात आणि पोळीतून काढायची, पण तिथे एक अट आहे. तुमच्या वयाच्या आणि वजनाच्या बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला साधारण २,३०० कॅलरी लागतात. तुम्ही १,८५० च्या आसपास राहायचे आहे, आणि त्या १,८५० मध्ये प्रथिने मात्र ११५ ग्रॅम, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे १.६ ग्रॅम, बसवायची आहेत. सध्या तुम्ही त्याच्या निम्म्यावर असाल. वाटीभर शिजलेल्या वरणात प्रथिने पाच-सहा ग्रॅमच असतात, कारण उरलेले बहुतेक पाणी असते. वरण-भात हे प्रथिनांचे जेवण आहे हा आपला लाडका गैरसमज आहे. शेंगदाण्यांचेही तसेच. शंभर ग्रॅम दाण्यांत २५ ग्रॅम प्रथिने असतात हे खरे, पण त्यांच्यासोबत जवळपास ५० ग्रॅम तेल आणि एकूण साडेपाचशेवर कॅलरी येतात.

मग काय खावे? वरण पातळ करण्याऐवजी मटकी, मूग, हरभरा यांची मोठी वाटीभर उसळ घ्या, तीही भाताशिवाय. पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांमध्ये २६ ग्रॅम प्रथिने असतात आणि किंमत नगण्य असते. भिजवून, नीट पिळून, मसाला लावून परतल्या तर त्यांचा तो विशिष्ट वास राहत नाही. शंभर ग्रॅम पनीर, दोन वाट्या दही, ताक हे तुमच्या घरात सहज चालेल. अंडी घरात शिजत नसतील, तर त्यावरून घरात वाद घालू नका. जिमबाहेरच्या गाडीवर किंवा ऑफिसच्या कँटीनमध्ये तीन उकडलेली अंडी खाल्ली की १८ ग्रॅमचा प्रश्न मिटतो. एवढे करूनही आकडा गाठत नसेल, तर व्हे प्रोटीनचा एक मोठा चमचा घ्यायला हरकत नाही. ते दुधापासूनच बनते, त्यात गूढ काही नाही. फक्त डब्यावर परवाना क्रमांक पाहून, विश्वासाच्या दुकानातूनच घ्या. सकाळच्या पोह्यांचे प्रमाण निम्मे करून सोबत हे काहीतरी असू द्या. पोळ्या एका वेळी दोन, भात एकाच जेवणात. ज्वारीची भाकरी घेतली तरी चालेल, पण भाकरीने चरबी जळते या समजुतीने चार खाऊ नका.

सोमवारच्या उपवासाबद्दल स्पष्टच लिहितो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. त्यात प्रथिने नावालाही नसतात, आणि त्यावर दाण्याचे कूट, तूप आणि बटाटा पडला की एक बशी खिचडी तुमच्या रोजच्या जेवणाला मागे टाकते. उपवास श्रद्धेने करत असाल तर अवश्य करा. त्या दिवशी दही, ताक, दूध, पनीर, फळे आणि थोडी भगर यांवर राहा.

पुढचे दहा आठवडे तुमच्या आहाराला सर्वांत मोठा धोका आहे तो केळवणांचा. आत्या, मावशी, आईच्या मैत्रिणी, वडिलांचे कार्यालयीन मित्र, सगळे बोलावणार, आणि प्रत्येकीच्या मते आपण केलेली पुरणपोळी न खाणे हा तिचा अपमान. केळवणे टाळू नका. ती पुन्हा होणार नाहीत आणि पोटाचे स्नायू कुठे पळून जात नाहीत. आठवड्याची तूट ३,१५० कॅलरींची आहे असे समजा. एका केळवणाने त्यातल्या हजारेक गेल्या, तरी बाकीचे सहा दिवस ठीक असल्यास गाडी पुढेच जाते. मात्र आठवड्याला दोनपेक्षा जास्त केळवणे घेऊ नका, दिवसभर उपाशी राहून तिथे तुटून पडू नका, आणि पहिले वाढलेले संपवताना जरा रेंगाळा, कारण आग्रह रिकाम्या ताटाला होतो. दुसऱ्या दिवशी वजनकाटा दीड किलो जास्त दाखवेल. ते मीठ, भात आणि पाणी असते, दोन-तीन दिवसांत उतरते. त्या घबराटीत दुसऱ्या दिवशीचे जेवण सोडणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि तिसऱ्या दिवशी ते वडापावच्या गाडीवर सापडतात.

व्यायामाबाबत तुमची मेहनत चुकीच्या जागी जाते आहे, एवढेच. रोजच्या ३०० क्रंचेसऐवजी आठवड्यातून तीन दिवस पूर्ण शरीराचा वजनांचा व्यायाम करा : बैठक किंवा स्क्वॉट, डेडलिफ्ट, छातीसाठी बेंच प्रेस किंवा जोर, पाठीसाठी रोइंग आणि पुलअप, खांद्यांसाठी प्रेस. आठ ते बारा वेळा जेमतेम उचलता येईल इतके वजन घ्या आणि ते दर पंधरवड्याला थोडे वाढवत न्या. नोंद वहीत ठेवा, कारण आठवणीत वजन नेहमी जास्तच असते. पोटालाही इतर स्नायूंसारखेच वागवा : लोंबकळून पाय उचलणे किंवा केबलवर वजन लावून केलेले क्रंचेस, दहा-पंधराचे तीन संच, आठवड्यातून दोन-तीनदा. असा भार दिलेला स्नायू जाड होतो आणि त्याचे खाचखळगे थोड्या जास्त चरबीतूनही दिसू लागतात. आपल्या तालमींतला पैलवान पाहा : जोर-बैठकांनी आणि मातीतल्या कुस्तीने त्याचे पोट दगडासारखे असते, पण खुराक इतका भरपूर की चौकोन एकही दिसत नाही, तिकडे मल्लखांबावरच्या सडपातळ पोराचे सगळे दिसतात. ताकदीत पैलवान कुठे उणा नसतो. हा फरक थराचा आहे.

रोज आठ-दहा हजार पावले चाला. बैठ्या नोकरीत याचा उपयोग मोठा असतो, कारण ट्रेडमिलवर तासभर धावून आलेला माणूस अनेकदा उरलेला दिवस खुर्चीतून उठत नाही. झोपेला मात्र किरकोळ समजू नका. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दोन्ही वेळा सारखाच आहार घेणाऱ्या माणसांना काही काळ साडेआठ तास आणि काही काळ साडेपाच तास झोपू दिले. वजन दोन्ही वेळा सारखेच उतरले, पण कमी झोपेच्या काळात त्यातील चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला आणि बाकीचे स्नायूंसकट इतर ऊतींतून गेले. लग्नाच्या खरेदीत आणि रात्रीच्या परदेशी मीटिंगांत तुमची झोप किती उरते, ते तुम्हीच पाहा.

ट्रेनरच्या दोन शिफारशींपैकी पट्टा निरुपयोगी आहे. त्याखाली घाम येतो, घामात पाणी असते, आणि ते पहिल्या ग्लासात परत येते. गोळ्या मात्र घेऊच नका. अशा गोळ्यांत बहुधा भरपूर कॅफिन असते, ज्याने छाती धडधडते आणि झोप उडते. काहींत लेबलवर न लिहिलेली औषधेही सापडलेली आहेत. खरोखर चरबी जाळणारे डायनायट्रोफेनॉल नावाचे रसायन १९३० च्या दशकात अमेरिकेत वजन घटवण्यासाठी विकले जात होते. त्याने माणसे अक्षरशः आतून तापून दगावली आणि १९३८ मध्ये ते मानवी वापरासाठी असुरक्षित ठरवले गेले. आजही ते इंटरनेटवरून चोरून विकले जाते, म्हणून हा विषय मी एका वाक्यात संपवत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी पाणी तोडण्याचा सल्लाही कुणीतरी देईलच. हळदीच्या उन्हात आणि अक्षतांच्या गर्दीत चक्कर येऊन पडणारा नवरदेव फोटोत अजिबात चांगला दिसत नाही.

तुमच्या बहिणीने वजनांचा व्यायाम आणि प्रथिनांचा भाग जरूर घ्यावा; त्याचा मुलींना मुलांइतकाच फायदा होतो. १२ टक्क्यांचे ध्येय मात्र तिच्यासाठी नाही. स्त्रीच्या शरीराला पुरुषापेक्षा बरीच जास्त चरबी केवळ नीट चालण्यासाठी लागते, आणि ती फार खाली गेली किंवा खाणे फार तुटले की पाळी अनियमित होते, कधी बंदच होते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. पाळी पुढे गेली की तूट थांबवायची आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटायचे. आधी तिचा घेर मोजा; तो ८० सेंमीच्या आत असेल तर कदाचित तिला चरबी उतरवायची गरजच नाही. तुम्हीही सुरू करण्याआधी उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी) आणि लिपिडची (रक्तातील चरबीची) तपासणी करून घ्या. ९२ सेंमी घेराच्या पुणेकर तरुणाच्या या अहवालांत मला सिक्स पॅकपेक्षा जास्त रस आहे.

मोजमाप असे ठेवा : वजन रोज सकाळी शौचानंतर, पण पाहायची ती आठवड्याची सरासरी, घेर आठवड्यातून एकदा, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पहिल्या आठवड्यात वजन भरभर उतरेल, ते मुख्यत्वे पाणी. त्यानंतर सरासरी आठवड्याला ४०० ग्रॅमच्या आसपास उतरत असेल तर काहीही बदलू नका. तीन आठवडे काटा हलला नाही, तर आधी तेलाचा डबा पुन्हा मोजा. आठवड्याला एक किलोच्या वर जात असेल किंवा उचलायचे वजन घसरत असेल, तर खाणे वाढवा.

राहिला हळदीचा फोटो. छायाचित्रकाराला समोरून फ्लॅश न मारता सकाळचे कोवळे ऊन एका बाजूने येईल अशा जागी तुम्हाला उभे करायला सांगा, आणि त्याआधी दहा मिनिटे जोर काढा. पडद्यावरची निम्मी पोटे अशाच उजेडाने घडतात. हळद थोडी दाट लावून घ्या. आणि शेरवानीचे माप शिंप्याकडे आज देऊ नका. लग्नाच्या दोन आठवडे आधी द्या, आणि कमरेला आत घ्यायला जागा ठेवायला सांगा.